दुकानातली ट्यूब की डॉक्टरांची ट्यूब?

वर्षावासात संध्याकाळी आपल्या विहारांत ग्रंथवाचन चालते. अशाच एका वाचनाला बस्तीतली एक मुलगी रोज चेहऱ्याला ओढणी गुंडाळून यायची आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. एके दिवशी तिच्या आईने वाचन संपल्यावर आम्हाला थांबवले. ओढणी बाजूला झाली तेव्हा आम्हीही क्षणभर गप्प झालो. दोन्ही गाल लालबुंद होते. कातडी इतकी पातळ झालेली की बारीक शिरा दिसत होत्या. हनुवटीवर केस आले होते.

घडले ते साधेच होते. पाहुणे बघायला येणार होते. शेजारणीने एका ट्यूबचे नाव सांगितले. मेडिकलमध्ये ती 80 रुपयांना मिळाली, कोणी काही विचारले नाही. आठ दिवसांत चेहरा उजळला, घरात सगळे खूश झाले. मग चार महिने रोज रात्री ती ट्यूब लावली. बंद केली की चेहऱ्याची आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायची.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. ही एकट्या त्या मुलीची गोष्ट नाही, म्हणून या वेळचे आरोग्य पान याच विषयाला दिले आहे.

काउंटरवर मिळाली म्हणजे सौम्य, असे नाही

त्वचेला लावायच्या वस्तूंचे आपण ढोबळपणे दोन भाग करू. पहिला भाग रोजच्या वापराचा: साबण, व्हॅसलीन, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, मुरमांचा फेसवॉश. दुसरा भाग औषधांचा. ही औषधे ठरावीक आजारावर, ठरावीक दिवस आणि ठरावीक जागी लावायची असतात. कायद्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असतात. स्टिरॉइडच्या मलमांबाबत केंद्र सरकारने 2018 साली नियम कडक केला. तरीही ही मलमे चिठ्ठीशिवाय सर्रास हातात पडतात. तेव्हा पहिली तपासणी आपल्यालाच करायची आहे.

ट्यूब किंवा तिचा खोका उजेडात धरा. त्यावर लाल रेघ आहे का? ‘शेड्यूल एच’ असे इंग्रजीत छापले आहे का? मग घटकांची नावे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एक जरी नाव असले तरी त्यात स्टिरॉइड आहे. हायड्रोक्विनोन किंवा ट्रेटिनॉइन असेल तर तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायचे औषध आहे. आपल्याला इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराला वाचायला सांगा. त्यात कमीपणा नाही.

ही औषधे वाईट आहेत का?

नाहीत. इसबाला, सोरायसिसला स्टिरॉइड मलम खूप उपयोगी पडते. वांगावर डॉक्टर कधीकधी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असलेली क्रीम देतात, पण काही आठवड्यांपुरतीच. तीच क्रीम महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, मुरमे उठतात, चेहऱ्यावर केस येतात, उन्हात आणि चुलीपुढे आग होते. हायड्रोक्विनोन फार दिवस लावल्यास निळसर काळे डाग पडू शकतात, आणि ते सहजासहजी जात नाहीत. गरोदर बाईने ट्रेटिनॉइन वापरायचे नसते.

कोणी आधीच अशी ट्यूब लावत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. एकदम बंद केल्यास त्रास उसळतो. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, कशी कमी करायची ते त्यांच्याकडून समजून घ्या.

गजकर्णाचा वेगळा फास

पावसाळ्यात, दाटीच्या खोल्यांत, ओल्या कपड्यांमुळे गजकर्ण पसरतो. मेडिकलमधून आणलेल्या अनेक मिश्र मलमांत बुरशीचे औषध आणि स्टिरॉइड एकत्र असते. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट आतल्या आत पसरते. गोल चट्ट्याचा आकार बदलतो आणि मग डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते.

नुसते क्लोट्रिमॅझोल असलेले साधे मलम वेगळे. तेही चट्टा दिसेनासा झाल्यावर लगेच सोडू नका. चट्टा मोठा असेल, घरात दोघा-तिघांना असेल किंवा पुन्हा पुन्हा येत असेल तर दवाखाना गाठा. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.

आणखी एक गोष्ट. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर कोणतीही क्रीम लावत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, लवकर घेतले तर आजार पूर्ण बरा होतो.

पार्लरची ‘प्रोफेशनल’ डबी

पार्लरमध्ये मोठ्या डब्यांवर ‘प्रोफेशनल’ लिहिलेले असते. त्या शब्दाने वस्तू औषध ठरत नाही आणि सुरक्षितही ठरत नाही. तीव्र आम्लाचे पील त्वचेचा डॉक्टर करतो तेव्हा तो त्वचा पाहून ताकद आणि वेळ ठरवतो. आपली सावळी-काळी त्वचा भाजली तर तिथे काळा डाग राहतो, तो महिनोन्‌महिने जात नाही. म्हणजे उजळायला जावे आणि डाग घेऊन यावे.

सर्वांत घातक ती बिननावाची डबी. उत्पादकाचे नाव-पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटक लिहिलेले नाहीत. अशा गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला आहे. पारा मूत्रपिंडावर घाव घालतो. 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना अशा क्रीम वापरणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंडाचा विकार आढळला. डबीवर ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर ती लगेच बाजूला ठेवा. पायाला सूज आणि लघवीला फेस येत असेल तर तपासणी करून घ्या. आईच्या गालावरचा पारा कडेवरच्या बाळालाही लागतो, हे विसरू नका.

मग रोजच्यासाठी काय घ्यावे?

कोरड्या त्वचेला अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल पुरते. पायाच्या भेगांना रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून जेली लावा आणि मोजे घाला.

धुणी-भांडी करणाऱ्या आणि सफाईकाम करणाऱ्या आपल्या बायकांचे हात पावडरीने सोलवटतात. तिथे महाग क्रीमपेक्षा रबरी हातमोजे आणि काम संपल्यावर जेली जास्त कामाची.

मुरमांना दिवसातून दोनदा सौम्य साबण आणि 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश वापरून पाहा. सहा ते आठ आठवडे धीर धरा, मुरमे फोडू नका. मोठी, दुखरी, खड्डे पाडणारी मुरमे असतील तर डॉक्टरच हवेत.

वांगाला उन्हापासून बचाव हेच अर्धे औषध. ओढणी, टोपी, छत्री वापरा, जमल्यास एसपीएफ 30 चे सनस्क्रीन लावा.

कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस पाहा. आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची ट्यूब आपल्या घरात वापरू नका.

सरकारी रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. एक रोजी बुडेल, हे खरे. पण चुकीच्या ट्यूबने त्याहून जास्त बुडते.

शेवटी रंगाविषयी

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-बायांना स्वच्छ राहायला, नीट लुगडे नेसायला आणि जात दाखवणारे दागिने टाकून द्यायला सांगितले. त्यांनी राहणी बदलायला सांगितली, कातडीचा रंग नाही. नीटनेटके राहणे हा स्वाभिमान आहे. सावळेपणाची लाज ही मात्र दुसऱ्यांनी आपल्यावर लादलेली आहे. लग्नाच्या बायोडेटात ‘गोरी’ हा शब्द आपणच लिहायचा आणि मग लेकीच्या हातात ट्यूब द्यायची, हे थांबवायला आपल्या घरापासूनच सुरुवात करावी लागेल.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण मेडिकलच्या काउंटरवरही उपयोगी आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर प्रत्येकीने घरातल्या ट्यूबा आणि डब्या विहारात आणाव्यात. शिकलेल्या मुलामुलींनी नावे मोठ्याने वाचावीत. ज्या ट्यूबेवर लाल रेघ आहे आणि जिची चिठ्ठी घरात नाही, ती वेगळी ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

त्या मुलीवर सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत. बरे व्हायला काही महिने लागतील असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तिची ट्यूब तिच्या आईने आमच्याकडे दिली आणि म्हणाली, ‘‘बाकीच्या बायांना दाखवा.’’ म्हणून हे लिहिले.

जय भीम.