गुणांची तक्रार : अदब आणि इन्साफ

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासून वर्गात वाटल्या की पुढची दहा मिनिटे कशी जातात हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. टेबलाभोवती पाच-सात मुले गोळा होतात. “सर, याने हेच उत्तर लिहिलंय, त्याला तीन आणि मला दोनच?” “मॅडम, बेरीज चुकली आहे.” “अर्धाच गुण हवाय सर, अब्बू रागावतील.” शिक्षक कधी वैतागतात, कधी गर्दी पांगावी म्हणून अर्धा-एक गुण वाढवून देतात. त्याच वेळी मागच्या बाकावरची एखादी मुलगी आपली उत्तरपत्रिका घडी घालून दप्तरात ठेवते. तिच्या उत्तरपत्रिकेतही तीच चूक झालेली असू शकते. पण ती विचारायला येत नाही, कारण उस्तादांसमोर तोंड उघडू नये असे तिला घरी शिकवलेले असते.

गुणांवरून होणाऱ्या वादात आपण बहुधा दोनच बाजू पाहतो, तक्रार करणारा विद्यार्थी आणि शिक्षक. ही गप्प बसलेली तिसरी बाजू कुणाच्या लक्षात येत नाही. मागेल त्याचे गुण वाढू लागले तर न मागणाऱ्याचे आपोआप कमी होतात. घरात शिकलेले कुणी नाही, पालक शाळेत येत नाहीत, बोलायची भीड वाटते, अशा मुलांच्या वाट्यालाच हे नुकसान येते. आपल्या समाजात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढणाऱ्या कुटुंबांतली मुले यात किती असतील, याचा विचार आपणच करावा.

तक्रार तीन प्रकारची

शिक्षकांनी आधी तक्रारीचा प्रकार ओळखला तर अर्धा वाद तिथेच मिटतो. पहिला प्रकार हिशेबाचा. बेरीज चुकली, एखादे उत्तर तपासायचे राहिले, आतल्या पानावरचा गुण पहिल्या पानावर आला नाही. यात चर्चेला जागाच नाही. चूक तिथल्या तिथे दुरुस्त करावी आणि दाखवून दिल्याबद्दल मुलाला शाबासकी द्यावी.

दुसरा प्रकार मूल्यमापनाचा. “माझे उत्तर बरोबर आहे, तरी गुण कापले.” याला वेळ द्यावा लागतो आणि टेबलाभोवतीच्या गर्दीत त्याचा निर्णय कधीच करू नये. अनुभवी शिक्षक मुलाला सांगतात, “उद्या ये. प्रश्न क्रमांक लिही, तुझे म्हणणे दोन ओळींत लिही आणि पाठ्यपुस्तकात ते कुठे आहे ते दाखव.” एका रात्रीत राग ओसरतो. ज्याचा मुद्दा खरा असतो तो लिहून आणतो. ज्याचा नसतो त्याला लिहिता लिहिताच आपली चूक कळते, आणि तेही एक शिकणेच आहे.

तिसरा प्रकार गरजेचा. “दोन गुणांनी पहिली श्रेणी हुकते आहे, अम्मी आजारी होती, एवढे द्या.” इथे उत्तराबद्दल काही म्हणणेच नसते. अशा मुलाला प्रेमाने जवळ घ्यावे, अडचण समजून घ्यावी, जादा तास घ्यावा, पुढच्या परीक्षेची तयारी करून घ्यावी. गुण मात्र देऊ नयेत. सूरह निसामध्ये अल्लाह तआलाने न्यायावर ठाम राहण्याचा आदेश दिला आहे, मग तो न्याय स्वतःच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असला तरी, आणि समोरचा श्रीमंत असो वा गरीब. दया दाखवायच्या जागा पुष्कळ आहेत, उत्तरपत्रिका ही त्यांपैकी नव्हे.

लाल पेन हेही एक माप

मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. तिच्यावर बोलताना आपल्याला बाजारातला तराजू आठवतो. पण चाळीस मुलांचे कष्ट मोजणारे शिक्षकाचे लाल पेन हेही मापच आहे, आणि ते शिक्षकाकडे अमानत म्हणून दिलेले आहे.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत सूरह बकराची 282 वी. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, म्हणजे पुढे शंका राहू नये. शाळेतही हेच तत्त्व कामी येते. उत्तरपत्रिका तपासायला घेण्यापूर्वी कोणत्या मुद्द्याला किती गुण हे लिहून ठेवावे. आकृतीला एक, नावांना अर्धा, उदाहरणाला एक. उत्तरपत्रिका देताना तेच फळ्यावर लिहावे. मग मूल आपले उत्तर स्वतःच ताडून पाहते. शक्य असेल तर नाव न पाहता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, अशा क्रमाने तपासावे. त्यामुळे एकाच उत्तराला दोन ठिकाणी वेगवेगळे गुण पडण्याची शक्यता कमी होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : एखाद्या मुलाचा मुद्दा पटला, तर फक्त त्याचेच गुण वाढवून थांबू नये. सगळ्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांत तो प्रश्न पुन्हा पाहावा. त्यात एक संध्याकाळ जाईल, पण मागच्या बाकावरच्या मुलीला तिचा हक्क न मागता मिळेल.

अदब म्हणजे गप्प बसणे नव्हे

शिक्षकाला प्रश्न विचारणे ही बेअदबी, असे मानणाऱ्या घरांनी आपल्याच इल्मी परंपरेकडे पाहावे. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शागिर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी अनेक मसल्यांत उस्तादांपेक्षा वेगळे मत दिले, आणि हनफी फिकहच्या ग्रंथांत ती मते उस्तादांच्या मतांच्या शेजारीच नोंदलेली आहेत. कोकणातले बहुतेक मुस्लिम ज्यांचा मसलक मानतात ते इमाम शाफई (रह.) मदिन्यात इमाम मालिक (रह.) यांच्याकडे शिकले, आणि पुढे अनेक बाबतींत त्यांच्याहून वेगळ्या निष्कर्षाला आले. या मतभेदांनी उस्तादांचा मान कमी झाला नाही. म्हणून मुलांना गप्प बसायला शिकवण्यापेक्षा कसे विचारावे ते शिकवू या. सलाम किंवा नमस्ते करावे, वेळ मागावी, आवाज खाली ठेवावा. दुसऱ्या मुलाच्या गुणांशी तुलना न करता आपल्या उत्तराबद्दल बोलावे. उत्तर मिळाल्यावर, ते मनासारखे नसले तरी, शुक्रिया म्हणावे.

बोर्डाच्या परीक्षेत

दहावी-बारावीला तपासणारे शिक्षक समोर नसतात, म्हणून तिथली वाट ठाऊक असायला हवी. राज्य मंडळाच्या परीक्षेत गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन अशा तीन सोयी आहेत. गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेली उत्तरे पाहतात, उत्तर नव्याने तपासत नाहीत. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. प्रत्येक सोयीला विषयवार शुल्क आहे. निकालासोबत मंडळ तारखा जाहीर करते, त्या चुकवू नयेत.

हा हक्क सहज मिळालेला नाही. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच मंडळाच्या प्रकरणात, उत्तरपत्रिका पाहू न देण्याचा नियम वैध ठरवला होता. पुढे 2005 चा माहिती अधिकार कायदा आला, आणि 2011 मध्ये त्याच न्यायालयाने केंद्रीय मंडळाच्या प्रकरणात निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि विद्यार्थ्याला ती पाहता येते. छायाप्रत आली की लगेच अर्ज करू नये. विषयाच्या शिक्षकांसोबत बसून प्रत्येक उत्तर पाहावे. मुद्दा खरा वाटला तरच पुढे जावे, नाहीतर पैसे आणि महिनाभराची झोप दोन्ही जाते.

पालकांसाठी

“शेजारच्या मुलाला किती?” हा प्रश्न घरात पहिला विचारला जातो, आणि गुणांची बरीच भांडणे तिथूनच सुरू होतात. त्याऐवजी मुलाला जवळ बसवून “कुठे चुकलं, दाखव” म्हणावे. तक्रार खरी वाटली तर मुलालाच शिक्षकांकडे पाठवावे. ते फार लहान असेल किंवा घाबरत असेल तर सोबत जावे, पण बोलू त्यालाच द्यावे. शाळेत जाऊन आवाज चढवणारे अब्बू दोन गुण मिळवून आणतीलही, पण पुढे नोकरीत, बाजारात, सासरी आपला हक्क मांडायची वेळ येईल तेव्हा ते सोबत नसतील. मुलींच्या बाबतीत तर याची अधिकच काळजी घ्यावी. आपले म्हणणे नम्रपणे आणि पुराव्यासह मांडण्याची सवय तिला दोन गुणांच्या निमित्ताने लागली, तर ती आयुष्यभर उपयोगी पडेल.

अल्लाह तआला आपल्या शिक्षकांना इन्साफाची आणि मुलांना अदबीने हक्क मागण्याची तौफीक देवो. आमीन.