कंडरेचें चिवट दुखणें

सातपुड्यांतील तोरणमाळचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें १,१५० मीटर उंचीवर आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास गोरखनाथाच्या यात्रेसाठीं दूरदूरचीं माणसें हा डोंगर चढून येतात. आणि भिल्ल व पावरा लोकांच्या वस्त्या तर ह्या चढउतारांवरच वसलेल्या आहेत. डोंगर चढतांना दम लागतो हें खरें, परंतु गुडघे आणि टांचा बोलूं लागतात त्या बहुधा उतारावर. ह्याचें कारण असें कीं, चढतांना मांडीचे स्नायु आंखडून शरीर वर उचलतात. उतरतांना मात्र तेच स्नायु ताणले जात असतां शरीराचा भार रोखून धरतात. हा सारा ताण स्नायूकडून हाडाकडे पोहोंचविणारा जो पांढरा चिवट दोर, त्याला कंडरा असें नांव आहे. बोलण्यांत लोक तिला नुसती ‘शीर’ म्हणतात. पण रक्त वाहणाऱ्या शिरेशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. गुडघ्याच्या वाटीखालीं, टांचेच्या मागें, खांद्यांत आणि कोंपराच्या बाहेरच्या बाजूस ज्या कंडरा आहेत, त्या एकदां दुखूं लागल्या म्हणजे महिनेच्या महिने दुखत राहतात.

हें दुखणें कोणासहि जडूं शकतें. परंतु टेस्टॉस्टेरोन ह्या अंतःस्रावाची उणीव भरून काढण्यासाठीं ज्या पुरुषांना औषध चालू आहे, त्यांच्यापुढें तें एक निराळेंच कोडें घालतें. औषधानें अंगांत बळ आलेलें असतें, उत्साह वाढलेला असतो, बंद पडलेलें चालणें-फिरणें पुन्हा सुरू झालेलें असतें. आणि नेमक्या त्याच वेळीं टांच किंवा गुडघा दगा देतो. मग रोगी दोहोंपैकीं एक चूक करतो. औषधच बाधलें असें समजून तो तें परस्पर बंद करतो; नाहीं तर आणखी बळ आलें म्हणजे दुखणें जाईल ह्या आशेनें मात्रा वाढवून मागतो. ह्या दोन्ही चुका टाळावयाच्या असतील, तर स्नायूच्या वाढीचा वेग आणि कंडरेच्या वाढीचा वेग एक नव्हे, ही गोष्ट प्रथम समजून घेतली पाहिजे.

टेस्टॉस्टेरोन हा पुरुषाच्या वृषणांत तयार होणारा अंतःस्राव. १९३५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें एर्न्स्ट लाकूर ह्यांच्या प्रयोगशाळेंत तो वळूंच्या वृषणांतून शुद्ध रूपानें वेगळा काढण्यांत आला. त्याच वर्षीं अडोल्फ बूटेनांट आणि लेओपोल्ड रुझिच्का ह्या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं आपापल्या ठिकाणीं तो कृत्रिम रीतीनें सिद्ध केला. आणि १९३९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक ह्या दोघांकडे गेलें. वृषणांना इजा झाली असेल, मेंदूच्या तळाशीं असलेली पियुषिका ग्रंथि बिघडली असेल, किंवा जन्मतःच कांहीं दोष असेल, तर ह्या अंतःस्रावाची खरी उणीव निर्माण होते. नुसता थकवा वाटतो म्हणून हें औषध घ्यावयाचें नसतें. सकाळीं काढलेल्या रक्तांत निदान दोन वेळां प्रमाण कमी आढळलें आणि लक्षणेंहि त्याशीं जुळलीं, तरच तें द्यावें असा नियम आहे.

हा अंतःस्राव स्नायूंवर किती त्वरेनें काम करतो ह्याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९९६ सालीं अमेरिकेंत शलेंदर भसीन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला. ४३ निरोगी पुरुषांची त्यांनीं निवड केली व त्यांतील कांहींना दर आठवड्यास ६०० मिलिग्रॅम, म्हणजे उपचाराच्या नेहमींच्या मात्रेच्या कित्येक पट, टेस्टॉस्टेरोन दिलें. अवघ्या दहा आठवड्यांत ह्या लोकांचे स्नायु वाढले. ज्यांनीं व्यायाम मुळींच केला नव्हता त्यांचेहि वाढले. उपचाराची मात्रा ह्याहून फार लहान असते. तरी तीन-चार महिन्यांत स्नायूंच्या बळांत फरक दिसूं लागतो आणि पुढें सहा महिने ते वर्षभर तो वाढत राहतो.

आतां कंडरेकडे पाहूं गेल्यास चित्र अगदीं उलट दिसतें. कंडरा ही कोलॅजन नांवाच्या प्रथिनाच्या समांतर तंतूंची वळलेली दोरी आहे. तिच्यांत जिवंत पेशी थोड्या आणि रक्ताचा पुरवठा बेताचाच. तिची दुरुस्ती किती मंद असते हें २०१३ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं मोठ्या युक्तीनें दाखवून दिलें. १९५० नंतरच्या अणुबाँबच्या चांचण्यांमुळें हवेंतील किरणोत्सर्गी कार्बनचें प्रमाण वाढलें व पुढें हळूहळू उतरलें. शरीराचा कोणता भाग कोणत्या वर्षीं घडला ह्याची जणूं मोहोरच त्या कार्बननें उठवून ठेविली. टांचेमागील कंडरेंत ती मोहोर तपासली असतां असें आढळलें कीं, तिचा गाभा वयाच्या सुमारें सतराव्या वर्षापर्यंत घडतो. त्यानंतर तो जवळजवळ नवा होतच नाहीं.

म्हणजे पन्नाशीच्या गृहस्थाचा स्नायु औषधानें चार महिन्यांत तरतरीत होतो, पण त्याला हाडाशीं बांधणारा दोर मात्र त्याच्या तरुणपणींचाच असतो. मोटेला दांडगा बैल जुंपावा आणि नाडा मात्र जुनाच ठेवावा, तशांतला हा प्रकार. बैलाचा दोष नाहीं, नाड्याचाहि नाहीं. दोहोंचा मेळ बसण्यापूर्वींच मोट भरून ओढली, हा दोष.

अतिरेकानें काय होतें ह्याचा दाखला २०१५ सालच्या एका अमेरिकन पाहणींत मिळतो. शरीर कमावणाऱ्या १४२ पुरुषांपैकीं ८८ जणांनीं असलीं बळवर्धक औषधें दीर्घकाळ मोठ्या मात्रेनें घेतलीं होतीं; त्यांतील १९ जणांची कंडरा केव्हां ना केव्हां तुटलेली होती. औषध न घेणाऱ्या ५४ जणांत हा आंकडा ३ होता. उपचाराच्या माफक मात्रेला हा हिशेब जसाचा तसा लावतां येणार नाहीं. अलीकडे अमेरिकेंतील वैद्यकीय नोंदींवरून जे अभ्यास झाले त्यांत टेस्टॉस्टेरोनची उणीव असलेल्यांत खांद्याच्या कंडरा अधिक फाटलेल्या दिसल्या, आणि तें औषधरूपानें घेणाऱ्यांत मांडीच्या व टांचेच्या कंडरांच्या दुखापती अधिक आढळल्या. नोंदींवरून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाहीं. परंतु त्यांतून एवढा बोध घेण्यास हरकत नाहीं कीं, उणीव कंडरेला हितकर नाहीं आणि घाईहि हितकर नाहीं.

दुखण्याचा सर्व भार टेस्टॉस्टेरोनवर टाकण्यापूर्वीं रोग्यानें आपण घेत असलेल्या इतर औषधांची यादी वैद्याला दाखवावी. टेस्टॉस्टेरोनचा कांहीं अंश शरीरांत इस्ट्रोजेनमध्यें रूपांतर पावतो. तें होऊं नये म्हणून कांहीं पुरुष ॲनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल ह्या गोळ्या घेतात. स्तनाच्या कर्करोगासाठीं ह्याच गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत सांधे आंखडणें व दुखणें ही नेहमींची तक्रार असते. तेव्हां पुरुषाच्या दुखण्याचें मूळहि तेथें असूं शकेल. दुसरें नांव सिप्रोफ्लॉक्सॅसिन व त्या जातीच्या जंतुनाशक औषधांचें. त्यांच्यामुळें कंडरा सुजते व क्वचित् तुटते, आणि साठीनंतर व स्टेरॉइड चालू असतां हा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००८ सालीं द्यावयास लाविला. ह्याशिवाय मधुमेह असेल तर कंडरा अधिकच हट्टी होते. म्हणून रक्तांतील साखर पाहून घ्यावी.

कंडरेचें सोंग घेऊन येणारीं दुखणींहि ओळखलीं पाहिजेत. टेस्टॉस्टेरोनमुळें रक्तांतील तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होऊं शकतें. अशा पुरुषाची एकच पोटरी सुजली, गरम झाली व दुखूं लागली, तर तें कंडरेचें काम न समजतां शिरेंत रक्ताची गुठळी झाली असावी अशी शंका घेऊन ताबडतोब रुग्णालय गांठावें. टांचेमागें एकाएकीं फट् असा आवाज होऊन चवड्यावर उभें राहतां येईनासें झालें, तर कंडरा तुटली असें समजावें. तेथेंहि विलंब नको. तिसरी गोष्ट नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष जिव्हाळ्याची. सिकलसेल ह्या आनुवंशिक रक्तदोषाचें प्रमाण ह्या जिल्ह्यांत मोठें आहे; त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथून सुरू झाली. ह्या रोगांत कांहीं पुरुषांत टेस्टॉस्टेरोन कमी राहतें. आणि ह्याच रोगांत मांडीच्या हाडाच्या गोलास रक्त न पोहोंचल्यामुळें तो खचून खुबा दुखूं लागतो. असा रोगी खुब्याचें दुखणें कंडरेचें समजून व्यायाम करीत राहिला, तर हाड आणखी खचतें. म्हणून खुब्याचें चित्र काढल्यावांचून त्यानें व्यायामास हात घालूं नये.

आतां खऱ्या कंडरेच्या दुखण्यावरील उपाय. पहिला मोह विश्रांतीचा. दुखणें भडकलें असतां कांहीं दिवस भार कमी करणें योग्यच. परंतु महिनोन् महिने पाय उचलून बसल्यानें कंडरा बरी होत नाहीं, दुबळी होते. कंडरा बळकट होते ती बेतानें वाढविलेल्या भारानेंच. दुसरा मोह सांध्याजवळ स्टेरॉइडचें इंजेक्शन टोंचून घेण्याचा. त्यानें थोड्या दिवसांत आराम पडतो, पण तो टिकत नाहीं. ऑस्ट्रेलियांत कोंपराच्या कंडरेच्या १६५ रोग्यांवर झालेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वर्षाअखेर असें दिसलें कीं, स्टेरॉइड दिलेल्यांपैकीं शेंकडा ८३ आणि नुसतें खोटें इंजेक्शन दिलेल्यांपैकीं शेंकडा ९६ लोक बरे झाले. दुखणें उलटण्याचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ५४ व दुसऱ्यांत शेंकडा १२ होतें.

भाराच्या उपचाराची जी रीत जगभर रूढ झाली, ती १९९८ सालीं स्वीडनमधील हॉकन आल्फ्रेडसन ह्यांनीं टांचेच्या कंडरेसाठीं मांडली. तिला यंत्र लागत नाहीं. घराच्या ओट्याची पायरी पुरते. चवडे पायरीच्या कडेवर ठेवून दोन्ही पायांनीं वर उठावें, मग सर्व भार दुखऱ्या पायावर घेऊन टांच सावकाश पायरीखालीं उतरवावी. गुडघा ताठ ठेवून पंधरा-पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित् वांकवून आणखी तीन फेरे. दिवसांतून दोन वेळां. आणि हा क्रम बारा आठवडे. दुखणें टांचेच्या हाडाला अगदीं चिकटून असेल तर टांच जमिनीच्या पातळीखालीं नेऊं नये. पुढें डेन्मार्कमधील प्रयोगांत असेंहि दिसलें कीं, आठवड्यांतून तीनच दिवस जड भार सावकाश उचलल्यानें तितकाच गुण येतो. व्यायाम करतांना थोडें दुखलें तरी चालतें; दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत तें पूर्वपदावर आलें पाहिजे, हें त्याचें माप. न आल्यास भार एक पायरी कमी करावा.

डोंगरांत राहणाऱ्यानें येथें एक हिशेब विसरूं नये. टांच पायरीखालीं उतरविणें काय किंवा घाट उतरणें काय, कंडरेच्या दृष्टीनें जात एकच. म्हणून ज्या दिवशीं तोरणमाळच्या उतारावरून मोळी घेऊन यावयाचें, त्या दिवशींचा व्यायाम त्यांतच जमा धरावा. ओझें दोन खेपांत वांटावें, हातीं काठी घ्यावी, पावलें आंखूड टाकावींत; पण चालणें मात्र अजिबात सोडूं नये.

आणि टेस्टॉस्टेरोनचें काय करावें? खरी उणीव असेल तर तें स्वतःहून बंद करूं नये. बंद केल्यानें जुनी कंडरा नवी होणार नाहीं, गेलेलें बळ मात्र पुन्हा जाईल. मात्रा वाढवूंहि नये. वैद्याकडून रक्तांतील प्रमाण तपासून तें निरोगी माणसाच्या मध्यम पातळीवर राहील असें पाहावें. रक्तांतील तांबड्या पेशींचा अंश औषधापूर्वीं, तीन ते सहा महिन्यांनीं आणि पुढें दरवर्षीं मोजावा. तो शेंकडा ५४ च्या वर गेल्यास औषध थांबविणें भाग असतें. नंदुरबार येथें २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळें सल्ल्याचें ठिकाण आतां जिल्ह्यांतच आहे.

औषध सुरू झाल्यावर पहिले सहा महिने तरी बळ वाढलें म्हणून काम लगेच तितकेंच वाढवूं नये; आठवड्या-आठवड्यानें थोडें थोडें वाढवावें. स्नायु जो भार आज हंसत उचलतो, तो कंडरेला पेलण्यास कांहीं महिने लागतात. तेवढे महिने तिला दिले, तर दुखणें बहुधा हटतें, आणि औषधानें आलेलें बळहि कामीं येतें.