जन्मवजन: आजीपासून नातीपर्यंत

“आमच्या घराण्यात बाळे लहानच जन्मतात,” असे म्हणून २.५ किलोपेक्षा कमी जन्मवजनाकडे दुर्लक्ष करू नका. आई व वडील या दोघांचेही आनुवंशिक गुण बाळाच्या वजनात उतरतात, हे खरे आहे. मात्र आईचा प्रभाव अधिक असतो, कारण गर्भाचे पोषण तिच्याच शरीरातून होते. कमी वजनाची जन्मलेली आणि बालपणी पुरेसे अन्न न मिळालेली मुलगी पुढे अंगाने लहानखुरी राहते. तिचे बाळही कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. घराण्याचा वाटणारा हा वारसा पुष्कळदा ताटातील उणिवेचा असतो. सुनेला दोष देणाऱ्यांनी तिला माहेरी आणि सासरी काय खायला मिळाले, हे आधी पाहावे.

बाळ मोठे होऊन प्रसूती अवघड जाईल, या भीतीने गरोदर स्त्रीचे जेवण कमी करू नका. लोह व फॉलिक ॲसिडची गोळी चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज द्या. किशोरवयीन मुलीला शाळेत किंवा अंगणवाडीत मिळणारी साप्ताहिक लोहगोळी चुकवू नका. मुलीचे जन्मवजन माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्या आणि ते कार्ड जपून ठेवा. तिच्या गरोदरपणातील पहिल्या तपासणीत ते परिचारिकेला दाखवता येईल.