मैत्रिणीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर?

"तू गेलीसच कशाला?" हा प्रश्न गिळून टाका. "आत्ता तुला काय हवंय?" एवढंच विचारा. निर्णय तिचा, मात्र ती 18च्या आतली असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक.

नागपुरात नंदनवनचं केडीके अभियांत्रिकी असो की दुसरं कुठलं, महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवीच (यूजीसी, 2015). प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन निवडून आलेले विद्यार्थीही समितीत बसतात; हे किती जणांना ठाऊक असतं? तक्रारीची मुदत तीन महिने, कारण असल्यास आणखी तीन.

बलात्कारानंतर सरकारी वा खासगी, कुठल्याही रुग्णालयात उपचार मोफत. एफआयआर आधी लागत नाही, पण रुग्णालय पोलिसांना कळवतं. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

मदत: 112, 181, शिवाय नागपूर पोलिसांचा भरोसा सेल.