तिन्ही हिरवेच, मग हरियाल कोणता?

म्हैसूरला सहलीला जाणारी बहुतेक कुटुंबे राजवाडा, प्राणिसंग्रहालय, चामुंडेश्वरीचे दर्शन आणि संध्याकाळी वृंदावन बागेतील कारंजी एवढे पाहून परततात. पण त्याच शहरात सकाळी लवकर उठून फळांनी लगडलेल्या एखाद्या वडाखाली दहा मिनिटे उभे राहिले, तर आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी तिथे भेटण्याची बरीच शक्यता असते. हा पक्षी म्हणजे हरियाल. कबुतराच्याच कुळातला, पण रंगाने हिरवा-पिवळा. पानांत स्वस्थ बसला की मुळीच दिसत नाही. वरून फळे टपटप पडू लागली की मान वर करावी. आधी एक दिसतो, मग बघता बघता दहा-बारा.

मात्र दिसला हिरवा पारवा की तो हरियालच, असे समजण्याची घाई करू नका. दक्षिण भारतात हिरव्या कबुतरांच्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या तीन जाती आहेत: पिवळ्या पायांचा हरियाल (हाच आपला राज्यपक्षी), नारिंगी छातीचा हरियाल आणि राखी कपाळाचा हरियाल. तिघेही वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगतात, तिघेही थव्याने फिरतात आणि तिघेही घुमण्याऐवजी गोड शीळ घालतात. त्यामुळे ओळखायचे ते पिसाऱ्यावरूनच.

म्हैसूरच का?

या तिघांची तुलना करायला म्हैसूरइतकी सोयीची गावे थोडी. शहर वसले आहे ते दख्खनच्या कोरड्या पठारावर. पण पश्चिमेला नागरहोळे आणि पुढे कोडगूकडे निघाले की दोन-तीन तासांत झाडी दाट होते, हवा दमट होते आणि सह्याद्रीची जंगले सुरू होतात. मोकळ्या झाडीचा, शेतांचा, रस्त्याकडेच्या वडांचा रहिवासी तो पिवळ्या पायांचा हरियाल. दाट, ओलसर जंगलाकडे जावे तसे दुसरे दोघे भेटू लागतात. म्हणून जागा हा पहिला संकेत. पण केवळ जागेवरून निकाल देऊ नये. फळे पिकली की हे पक्षी दूरवर भटकतात.

आधी पाय पाहा

दुर्बिणीत पक्षी आला की आपली नजर साहजिकच डोक्याकडे जाते. इथे ती पायांकडे न्या. पाय हळदीसारखे पिवळे असतील तर प्रश्न संपला: तो आपला हरियाल. उरलेल्या दोघांचे पाय लालसर असतात.

पाय पानांआड असले तर? मग आकार आणि मान पाहा. हरियाल तिघांत मोठा, सुमारे 33 सेंटिमीटर. त्याचे डोके राखी, मान आणि छाती ऑलिव्ह छटेची पिवळी, जणू गळ्यात पिवळा रुमाल बांधला आहे. खांद्यावर फिकट जांभळा ठिपका असतो, पंखावर पिवळी रेघ असते. दक्षिणेतल्या हरियालाचे पोटही पिवळे असते, तर उत्तर भारतातल्याचे राखी. दिल्लीकडच्या नातेवाइकांनी काढलेला फोटो आपल्या पक्ष्यापेक्षा वेगळा वाटला, तर गोंधळू नका. नर आणि मादी जवळजवळ सारखेच. मादी किंचित फिकी.

मग पाठ आणि छाती

पाय लाल दिसले की पुढचा प्रश्न: पाठ कशी आहे? पाठ आणि खांदे गडद तपकिरी-लाल, पिकल्या जांभळाच्या डागासारखे असतील, तर तो राखी कपाळाच्या हरियालाचा नर. त्याचे कपाळ व माथा निळसर राखी असतो.

पाठ हिरवी असेल तर छाती पाहा. वर फिकट जांभळा पट्टा आणि त्याखाली रुंद नारिंगी पट्टा म्हणजे नारिंगी छातीचा नर. त्याच्या शास्त्रीय नावातील 'बायसिंक्टस' या शब्दाचा अर्थच 'दोन पट्ट्यांचा' असा आहे.

माद्यांचे काय?

खरी परीक्षा इथे आहे. या दोन्ही जातींच्या माद्यांना ना तांबूस पाठ, ना नारिंगी छाती. दोघी हिरव्या, दोघींचे पाय लाल. इथे एकच प्रश्न विचारा: राखी रंग डोक्याच्या पुढे आहे की मागे? कपाळ व माथा राखी आणि मानेची मागची बाजू हिरवी, तर ती राखी कपाळाची मादी. उलट कपाळ हिरवे आणि मानेची मागची बाजू राखी, तर ती नारिंगी छातीच्या नराची जोडीदारीण. शंका राहिलीच तर शेपटी पाहा. नारिंगी छातीच्या हरियालाची मधली पिसे राखी, तर राखी कपाळाच्याची हिरवी असतात.

एवढे पाहायचे तर सूर्य आपल्या पाठीशी हवा. समोरून ऊन आले की तिन्ही पक्षी सारखेच काळे दिसतात. सकाळी थवे उंच, निष्पर्ण शेंड्यांवर ऊन खात बसतात, तीच वेळ उत्तम.

नावाने काय फरक पडतो?

हिरवे कबुतर ते हिरवे कबुतर, एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर राखी कपाळाच्या हरियालाच्या कहाणीत आहे. मद्रासच्या सैन्यात शल्यचिकित्सक असलेल्या टी. सी. जर्डन यांनी 1840 मध्ये नारिंगी छातीच्या हरियालाबरोबर याचेही वर्णन प्रसिद्ध केले. पुढे मात्र त्याला श्रीलंकेपासून फिलिपाइन्सपर्यंत पसरलेल्या एका मोठ्या जातीची पोटजात मानले गेले. इतक्या मोठ्या प्रदेशात असलेल्या पक्ष्याची काळजी कोण करणार? 2005 मध्ये पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांच्या ग्रंथात पिसारा आणि आवाज यांच्या आधारे हे पक्षी वेगळे केले गेले. तेव्हा लक्षात आले की राखी कपाळाचा हरियाल फक्त पश्चिम घाट आणि त्याच्या आसपासच आहे. जगात दुसरीकडे कुठेही नाही. आंबोलीत, गोव्यात किंवा कोडगूत तो नाहीसा झाला, तर त्याची भरपाई फिलिपाइन्समधून होणार नाही.

म्हणूनच नोंद अचूक हवी. सगळ्यांना सरसकट 'हरियाल' म्हटले, तर सर्वत्र दिसणाऱ्या पक्ष्याच्या आकड्यात दुर्मीळ पक्ष्याची घट दडून जाते. म्हैसूरच्या हौशी निरीक्षकांना हे कळले होते. 2014 पासून त्यांनी शहराचे चौकोन पाडून कुठे कोणता पक्षी दिसतो, याचा नकाशाच तयार करायला घेतला. त्यात विद्यार्थी होते, नोकरदार होते. पदवी लागली नाही; लागली ती नजर आणि वही.

झाड असेल तर पक्षी

हरियाल जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याचे सारे आयुष्य झाडावर, घरटेही चार काटक्यांचे. म्हणून त्याला वाचवणे म्हणजे वड, पिंपळ, उंबर वाचवणे. रस्ते रुंद करताना आधी कुऱ्हाड पडते ती अशाच जुन्या झाडांवर. एप्रिल 2025 मध्ये म्हैसूरच्या हैदर अली रस्त्यावर 40 झाडे तोडली गेली, तेव्हा नागरिकांनी जाहीर निषेध केला. शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आहे. पण खाण्याचे झाडच गेले तर बंदी काय कामाची?

तेव्हा पुढच्या सहलीच्या सामानात एक साधी दुर्बीण आणि छोटी वही टाका. मुलांना तीन प्रश्न पाठ करू द्या: पाय कसले? पाठ कसली? राखी रंग पुढे की मागे? आणि हो, म्हैसूरपर्यंतच जायला हवे असे नाही. तुमच्या गावच्या पारावरचा वड फळला असेल, तर उद्या सकाळीच वर पाहा.