बोथट सुरी सुरक्षित नसते : घरासाठी परवडणारी चांगली सुरी कशी निवडावी?

वस्तीत काम करताना आम्ही घराघरांत जातो. चहा होतो, गप्पा होतात आणि बोलणे हळूहळू स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. अशाच एका घरी आम्ही भाजी चिरायला हात लावला. सुरी इतकी बोथट होती की टोमॅटो चिरला जायच्या ऐवजी चेंगरत होता. आमच्यातला एकजण म्हणाला, "मावशी, उद्या धार लावून आणतो." मावशी लगेच म्हणाल्या, "नको रे बाबा, धार लावली की अंगठा कापतो."

हे वाक्य नंतर आम्ही बऱ्याच घरांत ऐकले. आधी आम्हाला हसू आले, पण नीट पाहिल्यावर कळले की मावशींचे काही चुकत नव्हते. त्या कांदा हातातच धरून, पाते अंगठ्याकडे ओढत चिरत होत्या. खाली ताट, वर हात. या पद्धतीत धारदार सुरी खरोखरच अंगठा कापते. बोथट सुरी हे त्यांनी स्वतःपुरते शोधलेले संरक्षण होते.

म्हणूनच "चांगली सुरी कोणती?" या प्रश्नाला आमचे उत्तर एखाद्या ब्रँडच्या नावाने सुरू होत नाही. सुरी, तिच्याखालचा बोर्ड आणि तिला धार लावायचा दगड या तीन वस्तू मिळून एक खरेदी होते. यातली एकच आणली, तर पैसे वाया जातात किंवा बोट कापते.

विळी गेली, सवय राहिली

आपल्या आईची, आजीची पिढी विळीवर तयार झाली. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी फिरते. पायाने पाट दाबलेला, दोन्ही हात मोकळे, वेगळा बोर्ड लागत नाही. टोकाला खवणी असली की नारळही त्याच अवजारावर. पालेभाजी, मासळी, फणस यासाठी विळीइतके सोयीचे अवजार आजही कमीच सापडेल. ज्यांना जमते आणि गुडघे साथ देतात, त्यांनी ती अवश्य वापरावी.

पण घरे बदलली. कडप्प्याचा ओटा आला, स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. खोली लहान आणि मूल रांगते असेल तर जमिनीवरचे उघडे पाते धोक्याचेच. विळीच्या जागी सुरी आली, मात्र सुरीबरोबर लागणारा बोर्ड आला नाही. विळीवर भाजी पात्याकडे ढकलायची हाताची सवय तशीच राहिली, फक्त आता पाते अंगठ्याकडे येऊ लागले. अवजार बदलले तरी ते वापरायचे कुणी शिकवले नाही, आणि हे शिकायचे असते असे घरातल्या पुरुषांना वाटलेही नाही. कारण चिरणे हे "बायकांचे काम" होते.

पोलाद समजून घेऊ

पात्याच्या पोलादात दोन गोष्टी महत्त्वाच्या. कार्बनमुळे पोलाद उष्णता देऊन कडक करता येते, त्यामुळे धार टिकते. क्रोमियममुळे ते गंजत नाही. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेले न गंजणारे पोलाद तयार केले आणि पुढे स्टेनलेस सुऱ्या घरोघरी पोहोचल्या.

बाजारात आपल्याला साधारण तीन प्रकार भेटतात.

पहिला, साधे कार्बन पोलाद. गावाकडे ट्रकच्या जुन्या पाट्यापासून लोहार जो कोयता, विळी किंवा सुरी घडवतात ती याच जातीची. धार झटकन लागते आणि छान चालते. पण लिंबू, टोमॅटो, कांदा लागला की पाते काळसर पडते आणि ओले ठेवले तर गंजते. धुऊन लगेच पुसायची, अधूनमधून तेलाचे बोट फिरवायची तयारी हवी.

दुसरा, कडक करता येणारे स्टेनलेस. जर्मन मानकात १.४११६ या क्रमांकाचे पोलाद यात खूप वापरले जाते. त्यात साधारण ०.५ टक्के कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असते. आपल्या रोजच्या वापराला हा प्रकार सगळ्यात सोयीचा. कडकपणा मोजायचे रॉकवेल नावाचे माप आहे. अशा सुऱ्या त्यावर साधारण ५४ ते ५८ भरतात. अनेक जपानी सुऱ्या ६० च्या पुढे जातात. त्यांची धार जास्त टिकते, पण हाडावर किंवा गोठलेल्या मटणावर आपटली तर पात्याचा टवका उडू शकतो. शिकणाऱ्या हातांसाठी आम्ही त्या सुचवत नाही.

तिसरा, भांड्यांचे स्टेनलेस. "३०४" हा आकडा डब्यावर, पातेल्यावर असेल तर उत्तम. पण हे पोलाद उष्णता देऊन कडक करता येत नाही. त्याची सुरी चकाकते, गंजत नाही आणि चार दिवसांत बोथट होते. "३०४ स्टील, गंजणार नाही" असे सांगून कुणी सुरी विकत असेल, तर ती नको.

इथे एक सोपी चाचणी आहे. दुकानात जाताना खिशात छोटे चुंबक ठेवा. धार टिकवणारे पोलाद चुंबकाला चिकटते, ३०४ सहसा चिकटत नाही. चुंबक चिकटले म्हणजे सुरी उत्तमच, असे मात्र नाही. चिकटत नसेल तर ती बाजूला ठेवा, एवढाच याचा अर्थ.

दुकानात काय पाहावे

लांबी : एकच सुरी घ्यायची असेल तर ६ ते ७ इंच पात्याची घ्या. कोबी, भोपळ्याची फोड, कांदा, चिकन सगळे तिच्यावर होते. लांब पात्याची सवय असेल तर ८ इंची. सोबत सोलण्यासाठी ३ ते ४ इंची छोटी सुरी असली की घराचे भागते. बारा सुऱ्यांच्या संचातल्या दहा सुऱ्या डब्यातच राहतात.

पात्याची उंची : सुरी बोर्डावर टेकवून मूठ पकडा. बोटांची पेरे खाली आपटत असतील तर ती सुरी चिरण्यासाठी सोयीची नाही.

जाडी : वरून पाहा. पाते धारेकडे बारीक होत गेले पाहिजे. जाड पाते गाजर चिरत नाही, फोडते.

मूठ : ओल्या हाताने धरून पाहा, निसटता कामा नये. पाते आणि मूठ यांच्यामध्ये फट असेल तर त्यात पाणी आणि अन्न अडकते आणि मूठ लवकर हलू लागते. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असेल तर चांगलेच, पण नीट बसवलेली प्लास्टिकची मूठही वर्षानुवर्षे टिकते.

धार : पाते उजेडात धरून धारेकडे बघा. धारेवर पांढरी रेघ चमकली तर तिथे ती बोथट आहे. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही. नवी सुरीही अनेकदा अर्धवट धारेची येते, म्हणून धार नाही एवढ्यावरून ती नाकारू नका. पोलाद बरे असेल तर धार आपल्याला लावता येते.

"ठोकून घडवलेली" सुरी म्हणजे भारी आणि पत्र्यातून कापलेली म्हणजे हलकी, हा समजही सोडून द्या. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या प्लास्टिक मुठीच्या सुऱ्या पत्र्यातून कापलेल्या असतात आणि जगभरच्या व्यावसायिक स्वयंपाकघरांत चालतात. उलट स्वस्त सुरीवर दिसणारी लहरींची "दमास्कस" नक्षी बऱ्याचदा वरवर छापलेली असते. नक्षीने कांदा चिरत नाही.

दातेरी सुरी पावासाठी छान. पण तिला घरच्या सपाट दगडावर धार लावता येत नाही, म्हणून एकुलती सुरी दातेरी नको. सिरॅमिकची सुरी हलकी असते, पण पडली तर तुटते आणि घरी धार लावणे कठीण. आणि मटणाचे हाड, नारळ किंवा डबा उघडणे यासाठी कुठलीच सुरी नाही. त्यासाठी सत्तूर, कोयता आणि ओपनर आहेत.

हजार रुपयांची वाटणी

हातात हजार रुपये असतील तर आम्ही ते असे वाटतो : साधारण पाचशे मोठ्या सुरीला, तीनशे बोर्डाला आणि दोनशे दगडाला. हजाराची सुरी घेऊन ती कडप्प्यावर चालवली, तर महिन्याभरात ती पन्नास रुपयांच्या सुरीसारखी वागू लागते. पैसे आणखी कमी असतील तर सुरी स्वस्त घ्या, पण दगड सोडू नका. साध्या सुरीला धार लावली की ती बोथट महागड्या सुरीपेक्षा चांगली चालते.

बोर्ड लाकडाचा किंवा प्लास्टिकचा घ्या. काच, स्टील, ग्रॅनाइट, कडप्पा यांवर धार मरते. बोर्डाखाली ओले फडके अंथरा, म्हणजे तो सरकत नाही. कच्चे मांस-मासळी चिरल्यावर बोर्ड साबणाने धुऊन वाळवा आणि मगच कोशिंबीर चिरा.

धार घरीच लावा

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत आणि एक मऊ. ओल्या फडक्यावर दगड ठेवा, वर पाणी टाका. पाते दगडावर आडवे टेकवून त्याची मागची कड साधारण करंगळीच्या जाडीइतकी उचला. हा कोन शेवटपर्यंत तोच ठेवायचा, सगळे कौशल्य एवढ्यातच आहे. खरखरीत बाजूवर मुठीपासून टोकापर्यंत पाते सावकाश फिरवा. थोड्या वेळाने पात्याच्या दुसऱ्या बाजूच्या कडेला बोट अलगद बाहेरच्या दिशेने फिरवले की किंचित खरखर लागते. ती लागली की बाजू बदला. मग हेच मऊ बाजूवर, हलक्या हाताने. शेवटी वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघा.

पहिल्यांदा अर्धा तास जाईल, नंतर दहा मिनिटे. घरच्या वापराला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरते. मधल्या काळात चिनी मातीचा कप उपडा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पाते चार-सहा वेळा फिरवले तरी सुरी ताजी होते.

दारावर सायकलचे चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडेही धार लावता येते. एवढेच पाहा की पाते चाकावर तापून निळे पडू नये. निळे पडले की तिथला कडकपणा गेला. शिकलगार, घिसाडी यांसारख्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या ही अवजारे घडवली आणि त्यांना धार लावली. शेती आणि स्वयंपाक त्यांच्या हातावर चालला, पण त्यांच्या वाट्याला भटकंतीच आली. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणाऱ्या आपण त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये, असे आम्हाला वाटते.

हात वाचवायची पद्धत

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पात्याचा मुठीजवळचा भाग धरा, बाकीची तीन बोटे मुठीवर. दुसऱ्या हाताची बोटे आत वळवून भाजी धरा, म्हणजे पाते पेरांना घासून जाईल, टोकांपर्यंत येणार नाही. गोल भाजी आधी अर्धी करून सपाट बाजूवर टेकवा. सुरी हातातून पडली तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या. भांड्यांच्या ढिगात, फेसाखाली सुरी कधीच सोडू नका.

बोथट सुरीला जोर लागतो आणि जोर लावला की ती घसरते. धारदार सुरी वजनानेच खाली उतरते. कांदाही कमी रडवतो, कारण त्याच्या पेशी कमी चेंगरतात. आणि तरीही बोट कापले, तर वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. जखम खोल असेल तर दवाखाना गाठा.

शेवटी, मावशींचे

आम्ही त्या घरी परत गेलो तेव्हा आधी बोर्ड नेला आणि सुरी नंतर दिली. मावशींनी आठवडाभर जुन्याच सुरीने बोर्डावर चिरून पाहिले. हात बसल्यावर त्यांनीच विचारले, "आता धार लावून देता का?" धार लावायला दगडावर बसला तो त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. आता ते काम त्याचे आहे.

शिकायला, परीक्षांच्या तयारीला शहरात येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मित्रांना हे सगळे स्वतःसाठी उपयोगी पडेल. मेसपेक्षा खोलीवरचा वरणभात, भाजी स्वस्त पडते. पण सुट्टीत घरी जाल तेव्हा आईच्या ओट्यावरची सुरीही हातात घेऊन बघा. मोबाईलचे कव्हर आपण वर्षातून दोनदा बदलतो, आणि ती मात्र दिवसातून दोनदा बोथट पात्याशी झगडत असते. बोर्ड न्या, दगड न्या, धार लावा आणि बसून कांदाही चिरा.