राउटर टेबल, भुसा आणि हवेची वाट

या मालेत आपण रोजच्या कामातली एखादी वस्तू घेतो आणि तिच्यामागे कोणती कल्पना दडली आहे ते तपासतो. आजची वस्तू आहे राउटर टेबल. राउटर म्हटल्यावर इंटरनेटचा डबा आठवला असेल, तर तो नव्हे बरं का! हा सुतारकामातला राउटर, लाकडात खाच पाडणारा, कडेला गोलाई देणारा. त्याचं पातं मिनिटाला 10,000 ते 22,000 फेरे घेतं. हे यंत्र टेबलाखाली उलटं बसवायचं, पातं टेबलातल्या भोकातून वर काढायचं आणि लाकूड टेकवून सरकवायला मागे एक उभी पट्टी लावायची. तिला फेन्स म्हणतात. झालं राउटर टेबल.

प्रश्न असा, की याचा भुसा डस्ट कलेक्टरपर्यंत न्यायचा कसा? पुष्कळ जण नळी जोडतात, मोठी मोटर आणतात आणि तरी टेबलाखाली भुशाचा ढीग साचतोच. असं का होतं?

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू. हा नुसता झाडलोटीचा प्रश्न नाही. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. त्या भागातल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग विलक्षण प्रमाणात आढळतो, हे ॲचेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. पुढे 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. आणि फुप्फुसात खोल जाते ती धूळ 10 मायक्रॉनपेक्षा बारीक असते. आपल्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन, यावरून अंदाज करा. जमिनीवर दिसतो तो भुसा झाडता येतो. दिसत नाही ती धूळ हवेत तरंगत राहते आणि आपण ती श्वासाबरोबर आत घेतो.

आता मूळ कल्पनेकडे येऊ. आपण सहज म्हणतो, ‘यंत्र भुसा ओढतं.’ हा ‘ओढणं’ शब्दच आपली दिशाभूल करतो. निसर्गाला पोकळी सहन होत नाही, ती भरून काढायला तो वस्तू ओढून घेतो, असं युरोपात शतकानुशतकं मानलं जात होतं. 1640 च्या दशकात टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून चित्र उलटं केलं. पोकळी काही ओढत नाही. बाहेरच्या हवेचं वजन ढकलतं. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, अशी त्याची मांडणी होती. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ही गोष्ट प्रिय आहे, कारण इथे क्रियापद बदललं आणि जग वेगळं दिसू लागलं.

घरातलंच उदाहरण घ्या. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत, अडखळत येतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडा, सरळ धार लागते. तेल बाहेर यायचं तर हवा आत गेली पाहिजे. राउटर टेबलाचं सगळं मर्म या दुसऱ्या भोकात आहे.

टेबलाखाली राउटरभोवती पेटी करतात आणि तिला नळी जोडतात. हौशी माणूस मग पेटीची फट न् फट बुजवतो. परिणाम काय? हवा आत यायला वाटच उरली नाही, तर बाहेर काय जाणार? पंखा जोरात फिरतो, प्रवाह मात्र जवळजवळ शून्य. भुसा तिथेच. शिवाय राउटरच्या मोटरला थंड व्हायला हवा लागते. ती कोंडली की मोटर तापते आणि बारीक धूळ तिच्या बेअरिंगमध्ये शिरते. म्हणून पेटीत हवेची वाट मुद्दाम ठेवायची. पात्याभोवतीचं भोक ही एक वाट. दुसरी वाट पेटीच्या दारात, नळीच्या समोरच्या बाजूला आणि खाली, म्हणजे आत येणारी हवा पेटीचा तळ झाडत नळीकडे जाईल.

एवढ्याने भागत नाही, कारण भुसा दोन ठिकाणी तयार होतो. लाकडाच्या कडेला गोलाई देताना तो फेन्सच्या फटीकडे उडतो. फळीच्या मधोमध खाच पाडताना मात्र पातं लाकडाखाली झाकलेलं असतं. तेव्हा भुसा खाली पेटीत पडतो किंवा खाचेतच ठासून बसतो, आणि फेन्सची नळी नुसती बसून राहते. म्हणून जोड दोन हवेत. एक फेन्सच्या मागे, एक पेटीला.

आता नळीचा हिशेब. 4 इंची नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे 12.6 चौरस इंच, अडीच इंचीचं 4.9. भुसा नळीत न साचता वाहायचा तर हवेचा वेग मिनिटाला 4,000 फुटांच्या आसपास लागतो. त्या वेगाने 4 इंची नळीतून मिनिटाला 350 घनफूट हवा जाते, अडीच इंचीतून जेमतेम 136. डस्ट कलेक्टर भरपूर हवा हलवतो, पण त्याचा दाब कमी. अरुंद नळीत तो गुदमरतो. व्हॅक्युम क्लीनरचं उलट आहे. हवा थोडी, दाब जास्त, त्यामुळे अरुंद नळी त्याला चालते. म्हणून डस्ट कलेक्टर असेल तर टेबलापर्यंत 4 इंची नळीच आणावी. तिथे इंग्रजी वाय आकाराचा जोड लावून 4 इंची फाटा पेटीला आणि अडीच इंची फेन्सला द्यावा. काटकोनी जोड नको, हवेला वळण सौम्य लागतं. लवचिक नळी जितकी आखूड तितकी बरी.

हवा वाहते की नाही हे पाहायला टिश्यू पेपरची पट्टी भोकाजवळ धरा. पातं बंद आणि राउटरचा प्लग काढलेला हवा, कलेक्टर तेवढा चालू. उदबत्ती मात्र नको. भुशाजवळ विस्तव नेऊ नये.

शेवटी गाळणी. कलेक्टरची पिशवी जाडीभरडी असेल तर भुसा आत राहतो आणि बारीक धूळ कापडातून पुन्हा खोलीत येते. जमीन स्वच्छ, हवा घाण! बारीक गाळणी आणि नाकावर चांगला मास्क, दोन्ही हवं.

मंडळी, यंत्रशाळा असणाऱ्यांना हे सगळं करता येईल. पण आपल्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम निघतं तेव्हा काय होतं? चार सुतार एमडीएफचे पल्ले राउटरने कोरत असतात. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून खिडक्या बंद, भुसा उडू नये म्हणून पंखाही बंद. म्हणजे ती खोली हीच एक बुजवलेली पेटी, आणि आत माणसं! पॉलिश कोणतं, हँडल कोणतं, यावर आपण तासभर बोलतो. हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, हेही त्याच बैठकीत ठरवायला हवं. राउटरला जोडायचा व्हॅक्युम, मास्क आणि उघडी खिडकी यांचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकात आपणच धरायला हवा.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.